काकू आणि पावणो: किंगस्नेक ब्रीडिंगच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४

यंदा लिहून ठेवायचं ठरवलंय. गेल्या वर्षी काही लिहिलं नव्हतं आणि नंतर कुणी विचारलं नक्की काय झालं तर मला तारखापण धड सांगता येईनात. कुडाळला माझं फ्रीज-एसी रिपेअरिंगचं दुकान, तिथे प्रत्येक फ्रीजचं जॉबकार्ड लिहितो, कधी आला, गॅस किती भरला, कुठला पार्ट बदलला, आणि घरातल्या सापाचं मात्र कुठेच काही नाही.

तर मादी. कॅलिफोर्निया किंगस्नेक, वय सहा, लांबी चार फुटाला थोडी कमी, काल वजन केलं ४७० ग्रॅम. काळी कुळकुळीत आणि अंगावर पांढरे आडवे पट्टे. नाव काकू, कारण बघते तशीच. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण मण्यार मण्यार करत दोन पावलं मागे जातो, आणि बरोबरच आहे त्यांचं, आपल्याकडे काळ्यावर पांढरे पट्टे दिसले तर मागेच जावं. ही बिनविषारी. मूळची अमेरिकेतली, आवळून मारते. किंग हे नाव पडलं कारण हे साप दुसरे साप खातात, रॅटलस्नेकसुद्धा, त्यांच्या विषाचा ह्यांना फारसा त्रास होत नाही. लोक नागराजाशी गोंधळ करतात, तोपण सापच खातो पण तो विषारी आणि नात्यातला अजिबात नाही. (आपल्या सह्याद्रीतल्या नागराजाला याच वर्षी स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालंय, ओफिओफॅगस कालिंगा. मला नाव आवडलं.)

आता सापच ज्याचं जेवण त्याचं लग्न लावायचं म्हणजे नवरीच्या ताटात नवरा वाढायचा प्रकार. गेल्या एप्रिलमध्ये तेच झालं. सदा म्हणून नर होता माझा, २१० ग्रॅमचा, गरीब बिचारा. टबात सोडला, दहा मिनिटं बसून बघितलं, ही या कोपऱ्यात तो त्या कोपऱ्यात, काहीच नाही. तेवढ्यात एका हॉटेलवाल्याचा फोन, एसी कूलिंग देत नाही, एप्रिल महिना, गिऱ्हाईक एसीपेक्षा जास्त तापलेलं, मी बोलत बोलत अंगणात गेलो. वीस मिनिटं झाली असतील. परत येऊन बघतो तर काकूच्या तोंडातून चार बोटं शेपटी बाहेर. तीपण सावकाश आत गेली. मी टबाजवळ उकिडवा बसून बघत राहिलो, करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सगळे म्हणाले मादी ॲग्रेसिव्ह आहे, नाद सोड.

१ डिसेंबर

नवीन नर चिपळूणच्या मित्राचा. अर्धी पिल्लं त्याची या बोलीवर दिलाय. ऑगस्टमध्येच आणलाय, तीन महिने दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा ठेवला, माइट्स (अंगावरचे बारीक परजीवी किडे) नाहीत, खातो व्यवस्थित, शी व्यवस्थित. नर असल्याची खात्री मित्राने प्रोबिंग करून, म्हणजे शेपटीच्या मुळाशी बारीक सळई घालून, घेतलेली आहे, कारण जोडी म्हणून दोन माद्या गळ्यात मारल्याच्या गोष्टी या धंद्यात काही कमी नाहीत. वजन ३१० ग्रॅम. सदापेक्षा शंभराने जास्त, हे मुद्दाम बघितलं. आणि हा आडव्या पट्ट्यांचा नाही, याच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत एक उभी पांढरी रेघ आहे, सायकलच्या मडगार्डला असते तशी.

आईने त्याला आल्या दिवशीच नाव ठेवलं. "पावणो इलो काय? तेका जेवक काय घालतलंस?" तेव्हापासून पावणो.

दोघांचं खाणं १७ तारखेपासून बंद. थंडीत ठेवायच्या आधी पोट पूर्ण रिकामं पाहिजे, नाहीतर थंडीत पचन थांबतं आणि आतलं अन्न सडतं. निदान दोन आठवडे उपाशी पण नेहमीच्या उबेत, म्हणजे आत असेल नसेल ते निघून जातं.

१५ डिसेंबर

आज फ्रीजमध्ये.

याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्या कोकणात खरी अडचण इथेच आहे. या सापांना त्यांच्या देशात हिवाळा मिळतो, दोन-तीन महिने बिळात पडून राहतात आणि बाहेर आल्यावर जुळतात. त्यासाठी १० ते १३ डिग्री पाहिजे, आठ ते बारा आठवडे. आमच्याकडे डिसेंबरच्या रात्री १७-१८ झालं की लोक कानटोपी घालून शेकोटी पेटवतात. म्हणजे इथली थंडी त्यांच्या कामाची नाही.

मग एक जुना सिंगल डोअर फ्रीज घेतला, गिऱ्हाईक सोडून गेलेला, कॉम्प्रेसर ठणठणीत. त्याचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढून टाकला कारण तो चार-पाच डिग्रीवर नेतो, तेवढ्यात साप मरायची भीती. त्याच्या जागी डिजिटल कंट्रोलर, सेन्सरची वायर डब्याच्या शेजारी सोडली, १२ वर सेट, फरक १ डिग्री, कॉम्प्रेसर डिले ३ मिनिटं. दरवाज्याचं रबरी गॅस्केट खालच्या बाजूला दोन इंच कापलं, हवा यायला. हे कुणी लिहीत नाही. फ्रीज म्हणजे शेवटी हवाबंद पेटी, तुम्ही त्यात जिवंत प्राणी ठेवताय. शिवाय दर दोन दिवसांनी मिनिटभर दार उघडायचं.

पहिल्या वर्षी दुसरी एक गोष्ट चुकली होती, दमटपणा. कॉइलवर पाणी धरतं, ठिबकतं, डब्यात ओल येते आणि थंडी अधिक ओल म्हणजे सापाला न्यूमोनियाचं आमंत्रण. यंदा कॉइलखाली ट्रे लावला आणि नळी काढून बाहेर बाटलीत सोडली. डब्यात कोरडं कोकोपीट, पाण्याची वाटी छोटी पण कायम भरलेली.

दोघं वेगवेगळ्या डब्यात, झाकणाला क्लिपा आणि वरून इलास्टिक. वरच्या कप्प्यात काकू, खाली पावणो. बायको म्हणाली दुधाच्या पिशव्यांच्या जागी साप ठेवणारा माणूस तिने पत्रिकेत मागितला नव्हता.

५ जानेवारी २०२५

काल सकाळी दहाला लाईट गेली ती संध्याकाळी सातला आली, ट्रान्सफॉर्मर. फ्रीज १२ वरून चढायला लागला. डीप फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवलेल्याच असतात, त्या फडक्यात गुंडाळून डब्यांच्या बाजूला उभ्या केल्या. सातला १६ होतं. चाललं.

बाकी महिन्यात लिहिण्यासारखं काही नाही. दर रविवारी वजन, पाणी, श्वासाचा आवाज ऐकायचा, परत बंद.

२३ फेब्रुवारी

काल आंगणेवाडीची जत्रा, पहाटे तीनला घरी आलो, आज दहा आठवडे पुरे म्हणून दोघांना बाहेर काढलं. एकदम नाही, आधी फ्रीज बंद करून दार किलकिलं, मग दिवसभराने खोलीत. काकू ४५४, पावणो ३०२. वजन फार उतरलं नाही म्हणजे झोप नीट झाली.

८ मार्च

काकू हावरटासारखी खातेय. आठवड्याला दोन मोठे उंदीर. पांढरे उंदीर मीच पाळतो, पडवीत पिंजरे आहेत, मारून गोठवून ठेवतो आणि देताना कोमट पाण्यात सोडतो. बायकोची अट एकच, उंदरांचा फ्रीझर आणि बांगड्यांचा फ्रीझर एक व्हायचा नाही. मान्य.

पावणो मात्र खायला तयार नाही. फिरतोय नुसता, रात्रभर काचेला नाक घासत. नर असे थंडीतून उठले की डोक्यात दुसरंच असतं.

१६ मार्च

शिमगा. रोंबाटात तीन दिवस गेले. काही नोंद नाही.

३ एप्रिल

आठवडाभर काकूचे डोळे दुधाळ झाले होते, काल रात्री कात टाकली, अखंड, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट. थंडीनंतरच्या पहिल्या कातेनंतर मादीच्या अंगाला जो वास येतो तो नराला वेडा करतो. कातेचा तुकडा पावण्याच्या डब्यात टाकला तर पाच मिनिटांत त्याने डबा डोक्यावर घेतला.

४ एप्रिल

पहिला प्रयत्न. फसला. पण कुणी मेलं नाही.

यावेळी तयारी केली होती. फोन बंद करून बायकोकडे. साप उचलायचे दोन हूक, जाड हातमोजे, बादलीभर गार पाणी, सर्जिकल स्पिरिटचा बोळा. संध्याकाळी सातला पावण्याला काकूच्या टबात सोडला. तो लगेच तिच्या पाठीवर चढला, हनुवटी घासत, अंगाला ते बारीक झटके देत पुढे सरकायला लागला. मला वाटलं जमलं. काकूची शेपूट थरथरली, मान एकदम वळली आणि तिने त्याला मधोमध पकडला.

आता हे नीट लिहून ठेवतो कारण गेल्या वर्षी मला फरक माहीत असता तर. या सापांत नरसुद्धा मादीची मान तोंडात धरतो, ते नॉर्मल आहे, घाबरायचं नाही. त्या धरण्यात विळखा नसतो. दोघांची अंगं शेजारी शेजारी समांतर असतात, शेपट्या एकमेकींत. खाण्यासाठी धरलं तर पकड जिथे मिळेल तिथे, आणि एका सेकंदात गुंडाळी सुरू. म्हणजे तोंडाकडे नाही, अंगाकडे बघायचं. काकूने तीन विळखे टाकले आणि पावण्याच्या अंगावरचे खवले एकमेकांपासून सुटे होऊन मधली कातडी दिसायला लागली, इतका आवळला. या जातीचा आवळ त्यांच्या आकाराच्या मानाने भयंकर असतो.

स्पिरिटचा बोळा नाकाशी धरला. दहा सेकंद, काही नाही. मग दोघांना तसंच उचलून बादलीत. पाण्यात तिने तोंड सोडलं नाही पण विळखा जरा ढिला झाला, तेवढ्यात शेपटीच्या टोकाकडून उलगडायला घेतलं. डोक्याकडून ओढायचं नाही, दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढलं की नर फाटतो. शेपटीकडून एकेक विळखा सोडवला, शेवटचा सुटल्यावर तिने आपणहून तोंड उघडलं. सगळं मिळून दोनेक मिनिटं. माझा शर्ट घामाने चिकटला होता आणि गुडघे लटपटत होते, बेचाळिसाव्या वर्षी.

५ एप्रिल

पावणो जिवंत आहे, जीभ काढतोय, हालचाल सरळ आहे. कुशीला दातांची अर्धगोल रांग. बीटाडीन पाण्यात पातळ करून लावलं, कागदावर ठेवलाय, कोकोपीट जखमेत जातं. मित्राला फोन करून सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला ठीक आहे, तू आहेस तिथे. ते जास्त लागलं.

१२ एप्रिल

आठवडाभर हाच विचार. दुकानात फ्रीज कूलिंग देत नाही म्हटल्यावर मी काय करतो, लगेच कॉम्प्रेसर गेला म्हणत नाही. आधी प्लग बघतो, मग रिले, मग थर्मोस्टॅट. आणि इथे मात्र पहिल्या फटक्यात मादी ॲग्रेसिव्ह म्हणून मोकळा झालो.

म्हणून आज काकूचं जॉबकार्ड लिहायला बसलो. ४ तारखेला नक्की काय काय होतं?

एक, शेवटचं खाणं पाच दिवस आधी झालं होतं. पोटात अन्न असताना हाताळू नये म्हणून मी मुद्दाम अंतर ठेवलं. दोन, वेळ संध्याकाळी सात, म्हणजे तिला रोज खायला देतो तीच. तीन, टब तिचाच, आणि त्या टबाचं झाकण उघडलं की गेली पाच वर्षं तिला एकच गोष्ट मिळालीय, चिमट्यात धरलेला उंदीर. चार, मला आठवून लाज वाटली पण लिहितो, त्या दिवशी दुपारी मी उंदरांचे पिंजरे साफ केले होते. हात धुतले होते, साबणाने. पण ज्या हातमोज्यांनी पावण्याला उचलला ते पिंजरे साफ करायचेच हातमोजे.

म्हणजे काकूच्या बाजूने बघा. जेवायची वेळ, झाकण उघडलं, वरून उंदराच्या वासाची एक लांब वळवळणारी वस्तू आली. तिने काय आरती ओवाळायची?

आई बाजूला सोलं वाळत घालत होती, तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "उपाशी बायलेक घोव कित्याक व्हयो रे? तिका आधी पोटभर जेवक घाल." पाच वर्षं मी जे वाचत होतो ते सगळं आईने कोकमं पसरता पसरता निकालात काढलं.

२० एप्रिल

तयारी:

हूक ट्रेनिंग सुरू केलं. झाकण उघडलं की आधी हूकने पाठीला हलका स्पर्श. स्पर्श झाला म्हणजे खाणं नाही. खाणं द्यायचं तेव्हा स्पर्श नाही, आणि टबात नाहीच, वेगळ्या डब्यात. आठ दिवसांत फरक पडतो असं म्हणणं धाडसाचं आहे पण झाकण उघडल्यावर ती आता झेपावत नाही, थांबते.

दोघांचं कोकोपीट अदलाबदल केलं. त्याच्या डब्यातलं मूठभर तिच्यात, तिचं त्याच्यात. पहिल्या दिवशी काकू त्या मुठीवर मान वाकडी करून तासभर जीभ मारत बसली. तिसऱ्या दिवशी तिने तिकडे बघितलं नाही.

नवीन हातमोजे. पिंजऱ्याच्या हातमोज्यांवर मार्करने मोठं उ लिहिलं.

दरम्यान वाडीतून फोन, विहिरीपाशी जनावर आहे, तू सापवाला ना, ये. सांगितलं की मी पकडत नाही, १९२६ ला लावा, वनखात्याचा नंबर. लोकांना वाटतं घरात साप असलेला माणूस म्हणजे सर्पमित्र. आपले देशी साप पकडून घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. परदेशी प्राण्यांचं म्हणाल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्यांची नोंदणी लागते, बॉल पायथन त्यात येतो, हा किंगस्नेक त्या यादीत नाही, तरी मी काकूच्या खरेदीची पावती फाईलला लावून ठेवलीय. नंतर विहिरीपाशी दिवड निघाली म्हणे.

२७ एप्रिल

जमलं!!

परवा रात्री काकूला दोन उंदीर दिले, दोन्ही गेले. तिसरा समोर धरला, हुंगला आणि तोंड फिरवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा काकूला नाही म्हणताना बघितलं. दीड दिवस थांबलो, फार लवकर हलवलं तर ओकते.

आज सकाळी नऊला, संध्याकाळी नाही. मच्छीवाल्याकडून आणलेला मोठा प्लॅस्टिकचा टब, धुऊन धुऊन वास घालवलेला, दोघांनाही नवीन. खाली साधा कागद, आत लपायला काही नाही, म्हणजे मला सगळं दिसेल. आधी काकू, हूकने स्पर्श, मग दहा मिनिटांनी पावणो, तिच्या तोंडासमोर नाही, शेपटीकडून.

ती वळली. जीभ मारली. माझा हात बादलीवर. परत जीभ. आणि मग ती पुढे चालायला लागली, टबाच्या कडेकडेने, पावणो मागे. चाळीस मिनिटं ही वरात. मध्ये एकदा तिने झेपावायच्या आधी करतात तसा मान आखडून इंग्रजी एस केला, मी हूक मध्ये घातला, ती निवळली. साडेदहाला पावण्याने तिची मान तोंडात धरली, मी अंगाकडे बघितलं, विळखा नाही, दोन्ही अंगं सरळ, शेपट्या गुंतलेल्या. तिने शेपूट जराशी उचलली. वीस मिनिटं तसेच. बायको दारात उभी राहून कुजबुजत विचारत होती झालं का झालं का, जसं काही दिवाणखान्यात पाहुणे बसलेत.

सुटल्या सुटल्या पावण्याला बाहेर काढला. एक मिनिटही जास्त नाही. काम झाल्यावरसुद्धा तो तिच्यासाठी जेवण होऊ शकतो.

आता मेकॅनिक म्हणून माझी चूक लिहून ठेवतो. फॉल्ट शोधताना एका वेळी एकच पार्ट बदलायचा हे मी दुकानातल्या पोरांना शिकवतो. आणि इथे वेळ, टब, वास, पोट, हातमोजे, सगळं एकदम बदललं. त्यामुळे नक्की कशाने जमलं ते मला सांगता येणार नाही. मला स्वतःला पोट आणि वास वाटतं. पण पावण्याला पणाला लावून एकेक गोष्ट तपासायची माझी हिंमत नाही.

४ मे

आणखी दोनदा जुळवले, ३० तारखेला आणि आज. तिसऱ्या वेळी काकूने रस दाखवला नाही, दहा मिनिटांत त्याला ढकलून कोपऱ्यात गेली. ढकलणं आणि धरणं वेगळं. काढून घेतला. पावण्याची ड्युटी संपली, आता तोपण खायला लागलाय.

२६ मे

काल मान्सून तळकोकणात आला, मे महिन्यात! त्याआधीच आठवडाभर धो धो. लाईटचा पत्ता नाही, आंबे झाडाखाली कुजताहेत, बागायतदारांच्या तोंडाकडे बघवत नाही. आणि अशात काकूने आज सकाळी कात टाकली. अंडी घालायच्या आधीची कात ही, यानंतर साधारण आठ ते चौदा दिवस. पोटाचा मागचा भाग भरलाय, हाताखालून सरकताना गोटे लागतात. खाणं दहा दिवसांपूर्वी तिनेच सोडलं.

डब्यात अंड्यांसाठी छोटा डबा ठेवला, झाकणाला भोक, आत शेवाळ. दुकानातलं विकतचं नाही, गडग्यावरच्या चिऱ्यांवर आता हिरवंगार आलंय तेच, उकळत्या पाण्यातून काढून पिळून घेतलेलं.

५ जून

नऊ अंडी. रात्री दोन ते सकाळी सात. सात पांढरी शुभ्र, चिवट, साबुदाण्याच्या पापडासारखी वरून मऊ, आणि दोन पिवळट, लहान, कडक, ती फुकट. काकू त्यांच्याभोवती पडून होती, उचलल्यावर काही बोलली नाही. वजन ३७२. संध्याकाळी एक उंदीर दिला तर हातातून हिसकावला, बाईसाहेब परत पूर्ववत.

अंड्यांवर पेन्सिलने वरच्या बाजूला खूण केली. ती फिरवायची नाहीत, आतला जीव एका बाजूला चिकटलेला असतो. नर्सरीतलं वर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज), वजनाने जेवढं ते तेवढंच पाणी, प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकणाला चार भोकं. आणि तो डबा मासळीच्या थर्माकोल खोक्यात. बस. बाहेर लोक इनक्युबेटरवर हजारो रुपये घालवतात, यांना पाहिजे २६ ते २८ डिग्री आणि दमट हवा, आमच्या माजघरात जून-जुलैला अजून काय असतं? डिसेंबरमध्ये जे कोकण आडवं येत होतं ते आता फुकटात काम करतंय.

२० जून

अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. सातपैकी सहामध्ये लाल शिरांचं जाळं. सातव्याला बुरशी धरलीय, इतरांना न चिकटलेलं होतं म्हणून काढता आलं.

पावणो परवा चिपळूणला परत गेला. हायवेवरच्या खड्ड्यांत मित्राने त्याला मांडीवर घेऊन नेला म्हणे, कारच्या डिकीत ठेवायचा जीव झाला नाही. कुशीवर डाग राहिलाय, तेवढे खवले जरा वेडेवाकडे.

२९ जुलै

नागपंचमी. ५४ वा दिवस. अंडी जराशी दबलीत, मला वाटलं एक चिरून बघावं, काही जण करतात. आईने हातातून कात्री काढून घेतली. "आज काय चिरूचा नसता, इतक्याव कळणा नाय तुका?" तसंही ५४ म्हणजे घाईच होती. ती नागोबाला दूध-लाह्या ठेवून आली आणि येताना चार लाह्या थर्माकोलच्या खोक्यावर टाकल्या. माजघरात उंदीर येतील म्हणून मी नंतर गुपचूप उचलल्या.

५ ऑगस्ट

काल रात्री पहिलं अंडं फाटलं, ब्लेडने मारल्यासारखी बारीक चीर, त्यातून करंगळीच्या नखाएवढं काळं डोकं बाहेर येऊन थांबलं. पूर्ण बाहेर यायला कधी कधी दीड दिवस घेतात, आतला बलक शोषून घेतात, ओढायचं नाही. आज रात्रीपर्यंत पाच, सहावं अजून आत.

आणि मजा. तीन आईसारखी पट्टेरी. दोन बापासारखी, पाठीवर उभी रेघ. एकाच वेळच्या अंड्यांतून! पूर्वी हे दोन प्रकार वेगवेगळ्या जाती समजायचे. सॅन डिएगोच्या लॉरेन्स क्लॉबरने १९३० च्या दशकात दाखवलं की एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही निघतात, म्हणजे जात एकच. हा माणूस पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, तिथल्या गॅस आणि विजेच्या कंपनीत वरपर्यंत चढलेला, साप हा त्याचा उद्योग फावल्या वेळचा. मला तो उगाच आपल्यातला वाटतो.

६ ऑगस्ट

सहावं आलं. धड पट्टे नाहीत धड रेघ नाही, तुटक तुटक, कोणीतरी खोडरबर फिरवल्यासारखं. हे माझ्याकडे राहणार.

सगळी वेगवेगळ्या डब्यात, पहिल्या मिनिटापासून. ही भावंडंसुद्धा एकमेकांना खातात. प्रत्येक डब्याला दोन क्लिपा, रात्री झोपताना मोजतो, सहा. नको तिथे सुटले तर काय होतं ते ग्रॅन कॅनारिया बेटावर झालंय, पाळलेले किंगस्नेक सुटून जंगलात वाढले, तिथे मुळात साप नव्हतेच, आणि जिथे जिथे हे पोचले तिथले बेटावरचे मोठे सरडे जवळपास संपले. आमच्या परसात पाला, उंदीर, सरडे, उबदार हवा, सगळं आयतं. म्हणून तीन पिल्लं मित्राची, बाकी जी देणार ती बघून, घर बघून, कागद करून. एकाने फोनवर विचारलं कितीला, दुसरा प्रश्न रिलसाठी चालेल का. नाही म्हटलं.

१७ ऑगस्ट

सगळ्यांनी पहिली कात टाकली. आता खाणं. उंदराची एक दिवसाची पिल्लं, पिंकी. पाच जणांनी घेतली, त्यातल्या पट्टेरी एकीने चिमट्यासकट पकडून विळखा घातला, वजन ८ ग्रॅम, आव काकूचा.

तुटक रेघेवाला खात नाही. तोंडासमोर धरलं तर मागे सरतो.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. घरात चाकरमानी यायला सुरुवात झालीय, मुंबईचे भाचे, सगळ्यांना पिल्लं बघायचीत, आणि माझा जीव त्या एकात अडकलेला, तीन आठवडे होत आले पोटात काही नाही. कोमट करून दिलं, रात्री दिलं, डब्यात ठेवून दिवा घालवला, काही नाही.

काल आई मखराच्या जागेची भिंत झाडत होती, फोटोमागे पाल निघाली, केरसुणी बसली आणि पाल शेपूट टाकून पळाली. शेपूट जमिनीवर उडतेय, पोरं किंचाळताहेत, आणि मी ती उचलायला धावलो. भाऊजी बघतच राहिले. पिंकीच्या डोक्यावर ती शेपूट चांगली घासली, दोन मिनिटं, आणि पिंकी डब्यात ठेवली. यांची पिल्लं जंगलात सरडेच खातात सुरुवातीला, त्यामुळे तो वास त्यांना जेवणाचा वाटतो.

त्याने एकदा जीभ मारली. दुसऱ्यांदा मारायची वाट न बघता धरली.

उरलेली शेपूट पिशवीत घालून उंदरांच्या फ्रीझरमध्ये ठेवलीय, बाहेर चिठ्ठी लावून. बायकोने चिठ्ठी वाचली आणि मोदकांचं सारण करायला निघून गेली.